बूट सरकारी, टाच आमची

३ तारीख, सोमवार

बूट सरकारी आहे, तो बदलणार नाही, तेव्हा पायानेच जमवून घ्यावं, असं त्या शिडीमास्तरने माझ्या नातीला सगळ्यांदेखत सांगितलं. म्हणजे उद्या टोपी बसली नाही तर डोकं तासायचं का रे मेल्या? एवढा मोठा बाप्या, खांद्यावर पट्ट्या, आणि अक्कल पायपुसण्याएवढी.

हे ओकून झालं. आता नमस्कार. वहीलाच करते, दुसरं आहे कोण. वही नातीची, पुढच्या पानांवर तिने दोरीच्या गाठी काढल्यात, मी मागून सुरुवात केलीय. चौथीपर्यंत शिकले, त्यातलंही अर्धं वर्ष बाईंचं मूल खेळवण्यात गेलं. लिहिताना चुकलं तर वहीने गिळावं. घरात ऐकून घेणारं कुणी नाही. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला काही सांगा, "बघू" म्हणतो. म्हणून मी त्याचं नावच बघू ठेवलंय. त्याची ही एकच लेक. हिची आई ही लहान असतानाच वर गेली, तेव्हापासून मीच आई, मीच आजी, आणि भांडायला मीच शेजारीण. लहानपणी कपाटावर चढून बसायची, म्हणून सगळे हिला खार म्हणतात.

तर ही खार अग्निशमन दलात भरती झाली. शिकाऊ म्हणून. महिनाअखेरीला शिडीची चाचणी आहे, तिची तयारी तोच शिडीमास्तर करून घेतो. खांद्यावर पाण्याच्या नळीचं वेटोळं घेऊन उंच शिडी चढायची नि उतरायची. चढेल तो नोकरीत, नाही चढला तो घरी. आणि दलात आजवर बाई माणूस आलेलंच नाही, म्हणून कोठारात हिच्या मापाचा बूटच नाही. सगळ्यात लहान दिला तोही होडीएवढा. दोन-दोन मोजे घालते, पुढे चिंध्या कोंबते. तरी टाच आत खालीवर होते. आता टाच दुखते म्हणते, मागून फुगलीय म्हणते.

टाच दुखणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. आयुष्यभर बेकरीच्या फरशीवर उभं राहून मैदा मळलाय मी.

५ तारीख, बुधवार

खारीला घेऊन गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले. याला बसायला खुर्ची आहे, पण बसतो कधी ते दिसत नाही. एक पाय आत, एक बाहेर. मी त्याला घाईडॉक्टर म्हणते.

"कुठे दुखतं?" त्याने खारीला विचारलं.

ही तोंड उघडेपर्यंत संध्याकाळ झाली असती. मीच सांगून मोकळी झाले. "टाच. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की तळाला खिळा ठोकल्यासारखं होतं. चार पावलं टाकली की जरा बरं. पुन्हा उभं राहिलं की पुन्हा खिळा."

"आजी, माझं तसं—"

"तू गप्प. डॉक्टरांना घाई आहे."

शाळेत बाई हिला नाव विचारायच्या, तेव्हाही मीच सांगायचे. ही आपली माझ्या लुगड्यामागे.

फोटो काढला. काळ्या कागदावर पांढरी टाच. घाईडॉक्टरने पेन टेकवून दाखवलं, हाडाला खालून चिमणीच्या चोचीएवढा काटा फुटलाय. "हे बघा, दुखण्याचं मूळ." गोळ्या दिल्या, बुटात घालायला मऊ गाद्या दिल्या. मी बाहेर येताना खारीला म्हटलं, "बघितलंस? मी सांगितलं आणि फोटोत तेच निघालं." तर ही पाय तिरका टाकत पुढे निघून गेली. कृतघ्न कार्टी.

८ तारीख, शनिवार

गाद्या घातल्या तर म्हणे आणखी दुखतं! "आजी, गादीने टाच वर उचलली जाते. आता बुटाचा काठ बरोबर त्या गाठीवर घासतो."

"गादीने कधी कुणाला त्रास झालाय का गं? राजे लोक गादीसाठी भावाचा गळा कापायचे."

हसली नाही. गाद्या काढून टेबलावर ठेवून गेली. पैसे मोजून आणलेली वस्तू वाया घालवायची नाही, म्हणून मी माझ्या चपलेत बसवल्या. मला तर झकास वाटतंय. सकाळी भिंतीला हात न लावता मोरीपर्यंत गेले. म्हणजे गादीत खोट नाही, खोट पोरीत आहे. आजकालच्या पोरी लाडावलेल्या.

११ तारीख, मंगळवार

डबा विसरली म्हणून द्यायला दलाच्या फाटकापर्यंत गेले. आत मैदानात शिकाऊ पळत होते. माझी खार सगळ्यांत मागे, एक पाय तिरका टाकत. आणि तो शिडीमास्तर शिट्टी तोंडातून काढून ओरडला, "नाचता येईना अंगण वाकडं!"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. फाटकाच्या गजातून मीही ओरडले, "अंगणात खिळे पेरलेत कुणी ते आधी सांग!"

पोरं फिदीफिदी हसली. शिडीमास्तर माझ्याकडे आला. म्हणाला, "आजीबाई, इथे आग लागली की पाय दुखतो म्हणून चालत नाही."

"आणि बूट पायातून निसटला तर चालतं का?"

"याच बुटात वीस वर्षं माणसं चढलीत."

"माणसं चढली असतील. ही बाई आहे. पाय बघून बूट असतो, बूट बघून पाय नसतो."

घरी आल्यावर खार माझ्यावरच तापली. "तू तिथे कशाला बोललीस? आता सगळे मला आजीचं बाळ म्हणतात." घ्या. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

१३ तारीख, गुरुवार

गोळ्या संपल्या, दुखणं संपलं नाही. घाईडॉक्टरने उद्या सोनोग्राफी सांगितलीय. चिठ्ठीवर त्याने काय लिहिलं ते खारीने वाचून दाखवलं, टाचेच्या तळाची सूज बघावी.

आता डॉक्टरसमोर जायचं म्हणजे नीटनेटकं जावं, ही आमच्या घरची रीत आहे. दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर आम्ही आधी दात घासतो. लिफ्ट तपासायला साहेब यायचा असला की बघू आधी लिफ्ट पुसून, तेल घालून ठेवतो. तसं मी खारीला खाली बसवलं आणि टाच हातात घेतली. मागे दोन्ही बाजूंनी फुगवटा, लाल, गरम. असली टाच घेऊन चारचौघांत जायचं? लोक म्हणतील घरात बघायला कुणी नाही. बर्फ फिरवला. मग अंगठ्यांनी दाबलं. पन्नास किलो मैदा मळणारे अंगठे आहेत हे. खाली लवलवीत लागत होतं, फुगलेल्या पिठात बोट जातं तसं. दाबून दाबून वर पिटाळलं. खार ओठ चावत होती. मग घट्ट पट्टी बांधली, सकाळी निघेपर्यंत सोडायची नाही म्हणून बजावलं.

१४ तारीख, शुक्रवार

टाच कशी सुरेख झाली होती! फुगवटा जवळजवळ गेलेला. सोनोग्राफीवाली डॉक्टरीण बारीक चणीची, केस कापलेले, हसणं माहेरी ठेवून आलेली. तळाला थंडगार चिकट काहीतरी चोपडलं, यंत्राचा दांडा फिरवला. तळाला काही फारसं नाही म्हणाली. मग मागेही दांडा टेकवून बघितलं. "इथे थोडं पाणी आहे. विशेष नाही."

मी म्हटलं, "म्हणजे उतरतंय."

बाहेर आल्यावर खार म्हणाली, "आजी, पट्टी सोडली तशी परत फुगतेय."

"हवेने," मी म्हटलं.

१५ तारीख, शनिवार

विशेष नाही! डॉक्टरणीने कागदावर हेच दोन शब्द लिहून दिले आणि शिडीमास्तरने ते सगळ्या पोरांसमोर मोठ्याने वाचले. म्हणाला, "यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." खारीला सोंगाडी म्हणाला. सोंगाडी! ही पोर तापात शाळेत जायची, कारण घरी थांबलं तर माझं तोंड ऐकावं लागायचं.

त्या डॉक्टरणीला यंत्र फिरवता येत नसणार. एवढी मोठी सूज आणि हिला दिसत नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला असले डॉक्टर भरलेत सगळीकडे. बघूला म्हटलं, जाऊन भांड. तो म्हणाला, "बघू."

१८ तारीख, मंगळवार

आज सरावात खार शिडीवर अर्ध्यात अडकली. पंजा पायरीवर टेकून टाच खाली गेली की मागे सुरी फिरल्यासारखं होतं म्हणाली. दोन्ही हातांनी शिडी धरून तशीच लटकली. शेवटी खालून एका पोराने चढून पाय धरून उतरवलं.

हे मला तिने नाही सांगितलं. तिच्याबरोबरचा एक पोरगा तिला सोडायला आला, त्याने सांगितलं. ही म्हणते, "काही नाही, हात घसरला."

आणि मोजा काढला तर मोज्याला रक्त.

मी रडत नाही. आजही नाही रडले. तिचा तो बूट उचलला आणि भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा निघाला, बुटाला ओरखडाही नाही. एवढा कडक.

१९ तारीख, बुधवार

घाईडॉक्टर आज चक्क बसला. म्हणाला, "एक सुई मारू. टाचेत औषध सोडलं की दुखणं गप्प बसेल, चाचणी आरामात होईल. मात्र सुई नेमकी जागेवर जायला हवी. सोनोग्राफीवाल्या बाई यंत्रात बघून देतील."

"मारा," मी म्हटलं. "उद्याच मारा."

त्याने चिठ्ठीत लिहिलं, पेशंट तयार आहे. खार खिडकीतून बाहेर बघत होती. सुईला भिते अजून. आगीत उडी मारायला निघालीय आणि सुईला भिते.

२० तारीख, गुरुवार

इतका अपमान माझा सासूनेसुद्धा केला नव्हता.

सकाळी टाच नीटनेटकी करायला मी बर्फ आणि पट्टी काढली, तर खारीने पाय मागे ओढून घेतला. पहिल्यांदा. "नको आजी. आहे तशी जाऊ दे." मी म्हटलं, जा, घाणेरडी जा.

सोनोग्राफीवाली डॉक्टरीण सुई भरायला घेणार होती. त्याआधी तिने खारीला पालथं झोपवलं, पाय टेबलाबाहेर लोंबता ठेवला आणि टाचेकडे नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, "मागच्या वेळी ही अशी नव्हती. आणि कातडीवर विणीचे ठसे होते. मला वाटलं मोज्याचे. पट्टी बांधली होती का?"

"मी बांधली," मी म्हटलं. "स्वच्छ करून आणली होती. बर्फ लावला, दाबून बसवली. तुमच्याकडे काय तशीच गबाळी आणायची?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली बाईला. मग म्हणाली, "आजी, पाणी बघायचं होतं मला. तुम्ही पाणी पळवून पाय आणलात."

मग तिने दांडा उचलला. खाली ते चिकट औषध ढीगभर ओतलं, त्यावर दांडा नुसता तरंगत ठेवला, जणू काही साय मोडायची नाही. म्हणाली, "जोरात टेकवला तरी पाणी बाजूला होतं. मागच्या वेळी मीही जरा दाबलंच होतं." पडद्यावर सगळं करडं, आणि मधोमध काळं. ते काळं म्हणजे पाणी. तिने मला बोटाने दाखवलं. टाचेचं हाड मागे वर कोपऱ्यासारखं असतं. पोटरीतून दोरखंडासारखी जाड शीर उतरते आणि त्या हाडाला मागून चिकटते. चिकटण्याच्या जरा वर, हाड आणि शीर यांच्यामध्ये, इवलीशी पिशवी असते. आत थेंबभर पाणी. शीर हाडावर घासू नये म्हणून. अशी दुसरी पिशवी शीर आणि कातडी यांच्यामध्ये येते. बेकरीत भट्टीचे दोन पत्रे चिकटू नयेत म्हणून मध्ये तेलकट कागद घालायचो आम्ही, तसलं काहीतरी. बर्सा म्हणतात म्हणे त्या पिशवीला. खारीच्या दोन्ही पिशव्या टम्म. बुटाच्या काठाने बाहेरची, आणि हाड नि शीर एकमेकांवर दाबून आतली. मग तिने कसलं बटण दाबलं, तर पिशवीभोवती लाल केशरी ठिपके लुकलुकायला लागले. "रक्त धावतंय तिथे. सूज जागी आहे."

मी म्हटलं, "मग फोटोत तो काटा कसा निघाला?"

तिने तो जुना फोटो दिव्यावर लावला. "काटा आहे. पुष्कळांना असतो, दुखत काही नाही. हे वर बघा. शिरेच्या पुढे काळा त्रिकोण दिसतो, तो चरबीचा. त्याचा खालचा कोपरा टोकदार काळा दिसायला हवा. इथे भरून गेलाय, पांढुरका. तेव्हाच दिसत होतं. पण बघणारा खाली बघत होता. दुखतंय खाली असं त्याला कुणीतरी सांगितलं असणार."

मग ती खारीकडे वळली. "कुठे दुखतं? कधी दुखतं?"

"मागून," मी म्हटलं. "म्हणजे तळालाही. सकाळी उठून—"

"आजी, तुम्ही बाहेर बसा."

"मी हिची आजी आहे."

"म्हणूनच."

दार लावून घेतलं माझ्या तोंडावर! बाकावर एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "बायकोबरोबर आलो होतो, मलाही बाहेर काढलं." मी त्याच्याकडे बघितलं, तो भिंतीकडे बघायला लागला. दार पातळ होतं. मी कान लावला नाही, पण कान काय घरी ठेवून येणार?

आत खार बोलत होती. माझी खार! थांबतच नव्हती. बूट केवढा, कुठे घासतो, चढताना नाही, उतरताना जास्त, गादीने वाढलं, पट्टीने ठणकलं. डॉक्टरीण विचारत होती, दुसरी टाच? पाठ सकाळी आखडते? डोळे लाल होतात? अंगावर चट्टे? नाही, नाही, नाही. आणि सकाळचं पहिलं पाऊल?

"ते माझं नाही," खार म्हणाली. "ते आजीचं. ती रोज सकाळी भिंत धरून चालते. कुणी विचारलं की खेकसते."

घरची भांडी रस्त्यावर! भिंत माझी, मी धरीन नाहीतर चाटीन.

मग डॉक्टरणीचा आवाज. "शिरेचा आतला काठ विस्कटलाय. सुईने दुखणं गप्प बसेल, शीर जुळणार नाही. उलट आणखी कच्ची होईल. दुखतंय म्हणून तू पाय जपतेस. तेच गेलं तर शिडीवर शीर तुटू शकते. चिठ्ठीत लिहिलंय पेशंट तयार आहे. तू तयार आहेस?"

आत टेबल करकरलं. उठून बसली असणार.

"मला कुणी विचारलंच नाही," खार म्हणाली.

२१ तारीख, शुक्रवार

सुई मारली नाही. विश्रांती, मागून उघडी चप्पल, आणि शीर किती उसवलीय ते नीट बघायला एमआरआय.

रागाने मला जेवण गेलं नाही. त्या डॉक्टरणीचा राग. घाईडॉक्टरचा राग, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खारीचा सगळ्यांत जास्त. तोंड होतं तर इतके दिवस काय कुलूप लावून ठेवलं होतं? बघूला तेच विचारलं.

बघूने पाना खाली ठेवला. म्हणाला, "आई, किल्ली तुझ्याकडे होती."

हा मेला "बघू"शिवाय काही बोलत नाही आणि बोलला तर हे बोलला. त्याला जेवण वाढलं नाही. त्याने घेतलं स्वतःच्या हाताने.

२२ तारीख, शनिवार

एमआरआय झालं. एका मोठ्या पिपात पाय घालून झोपवतात आणि यंत्र भांडी आपटल्यासारखं आपटत राहतं. आत जाण्याआधी तिथला माणूस विचारत होता, अंगात काही धातू? मी गप्प बसले. खारीने सांगितलं, नाही. बरोबर सांगितलं.

यात पाणी काळं नाही, पांढरं दिसतं. म्हणजे यंत्र बदललं की रंग बदलतो. पिशवी दिव्यासारखी पांढरीफटक होती. शीर अर्ध्याहून जास्त शाबूत आहे. विश्रांती घेतली तर जुळेल, नाही घेतली तर कुणी शपथ घेत नाही.

चाचणी पुढच्या शुक्रवारी.

२४ तारीख, सोमवार

आज तोंड उघडून तिला नुसतं म्हणणार होते, दातावर दात आवळून चढ एकदा, मग झोप वर्षभर. बेकरीत आम्ही भाजलेल्या हातांनी भट्टी चालवली. कोण आलं होतं विचारायला?

कोणीच नव्हतं आलं. तेच लिहितेय. कोणीच नव्हतं आलं.

म्हटलं नाही तिला. पाव कापत राहिले. ती स्वतःच म्हणाली, "आजी, मी नाही चढणार या वेळी."

"मग नोकरी?"

"जाईल कदाचित."

"मग?"

"मग बघू."

बापाची लेक.

२८ तारीख, शुक्रवार

चाचणी झाली. हिच्याबरोबरची पोरं चढली, उतरली, पेढ्यासारखी तोंडं करून घरी गेली. ही मागून उघडी चप्पल घालून खाली उभी राहिली आणि शिडीचा पाया धरला. कुणी सांगितलं नव्हतं. "कुणीतरी धरायलाच लागतं," म्हणे. शिडीमास्तरने वर लिहून पाठवलं, उमेदवाराने चाचणी टाळली. मंगळवारी मोठ्या साहेबांनी घरच्या माणसासकट बोलावलंय.

बघू म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, तुझं काय काम? मी जाते. खार माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग मी म्हटलं, "बघतेस काय? तोंडात पावाचा कडका धरून बसेन. शिळा."

पुढचा महिना, २ तारीख, मंगळवार

बसले. खरंच धरून बसले. तीन दिवसांचा शिळा कडका, गालात दगडासारखा.

मोठे साहेब पोट सुटलेले, पण डोळे जागे. शिडीमास्तर उभा. साहेबांनी विचारलं, "चाचणी का टाळली?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिडीमास्तरनेसुद्धा. फाटकावरचं आठवलं असेल. मी कडका या गालातून त्या गालात नेला.

खार उठली. कागद पुढे केले. "टाळली नाही. शीर विस्कटलीय, हे कागद. मला चढायचंय, पण पडून नाही. मी वरून पडले तर खाली शिडी धरणाराही मरेल." मग तिने पिशवीतून बूट काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि त्यात स्वतःचा हात मनगटापर्यंत घालून टाचेकडची रिकामी जागा दाखवली. "इथे माझी टाच असते. मी खूप वेळा मागितला दुसरा. ऐकलं नाही कुणी, म्हणून मागायचं बंद केलं. ते माझं चुकलं."

शिडीमास्तर म्हणाला, "साहेब, यंत्राने सांगितलं होतं विशेष नाही."

माझ्या तोंडात केवढं आलं होतं! कडका कटकन मोडला. साहेब म्हणाले, "आजी, तुम्हाला काही सांगायचंय?" मी खारीकडे बोट केलं.

तीच म्हणाली, "त्या दिवशी पायावर पट्टी होती, सूज दाबलेली होती. माझ्याकडूनच सांगायचं राहिलं." माझं नाव घेतलं नाही. मी कडका गिळला. घशाला खरचटलं, अजून खुपतंय.

साहेबांनी नाव कापलं नाही. पुढच्या तुकडीत घेतलंय, पण सगळं पहिल्यापासून, आणि टाच बरी झाल्याचा डॉक्टरणीचा कागद आणला तरच. बरोबरची पोरं पुढे गेली, ही मागे. मला हे मुळीच पटलेलं नाही. बुटाचं विचारलं तर शिडीमास्तर म्हणाला, मागवायला वेळ लागतो. साहेब म्हणाले, किती वेळ ते लेखी द्या. त्या माणसाचा चेहरा असा झाला की जणू त्याच्याच टाचेवर कुणी अंगठा ठेवला. तेवढं बघून मला थोडी भूक लागली.

४ तारीख, गुरुवार

आज सकाळी मोरीत जाताना भिंत धरली, तर मागे खार उभी. गाद्या जुन्या झाल्या, बसल्या, म्हणून भिंत लागली असेल.

दुपारी बघूला म्हटलं, उद्या मला डॉक्टरकडे ने. त्याने लगेच फोन लावला. "आईचं वय झालंय, उभं राहून राहून पाय, नाही, तसं विशेष काही—"

हिसकावून घेतला फोन.

तर इथे लिहून ठेवते, आणि हे पान फाडून दाराला लावणार आहे, म्हणजे वाचलं नाही असं कुणी म्हणायला नको. उद्या बघूने बरोबर यायचं आणि बाहेर बाकावर बसायचं. खारीला यायचं असेल तर यावं, पाय वर करून बसावं. माझी टाच कुणी आधी चोळायची नाही, पुसायची नाही, लपवायची नाही. आणि आत डॉक्टरने कुठे दुखतं असं विचारलं, की उत्तर मी देणार. एकटी मी. मध्ये कुणी तोंड घातलं, तर कडका तयार आहे.